एवढ्या जणींची नणंद

मला भाऊ नाही. आम्ही तिघी बहिणीच. तरी तीन वर्षांत शहरातल्या एका दवाखान्यात मी चौदा बायकांची नणंद म्हणून सह्या केल्या. दवाखान्याचं नाव सांगत नाही. तो अजून चालू आहे, आणि तिथली माणसं काही दुष्ट नव्हती.

नाशिकात द्वारकेजवळ माझा टायपिंगचा क्लास होता. आठ यंत्रं, त्यांतली दोन मराठी. नवरा नाशिक रोडला सरकारी प्रेसमध्ये, मुलं शाळेत. दुपारी दोन ते चार क्लास बंद असायचा. त्या वेळात जिना चढून वर येणाऱ्या बाईला कोणी विचारत नसे की तू इथे कशाला. शिकायला आली असेल, एवढंच लोकांना वाटे. म्हणून आमचं काम माझ्याकडे चालायचं.

आम्ही तिघी होतो. एक निवृत्त नर्सबाई. तिने तीस वर्षं बाळंतपणं केली होती आणि काड्या, मुळ्या घालून रक्ताने भिजत आलेल्या बायका पाहिल्या होत्या. दुसरी मास्तरीणबाई, नाशिक रोडच्या बौद्ध वसाहतीत राहणारी. तिच्या शेजारची बाई अशीच घरच्या उपायाने गेली होती. पाच पोरांवर सहावं नको म्हणून. आणि ती गेली तेव्हा गर्भपाताचा कायदा होऊन सात-आठ वर्षं झाली होती. दवाखान्यात, डॉक्टरच्या हातून, उघडपणे करता येत होता. हे त्या बाईला कोणी सांगितलं नव्हतं. मास्तरीणबाईला ते सहन झालं नाही. तिसरी मी. मी आले कारण त्यांना स्टेन्सिल कापून हवी होती.

मास्तरीणबाईने एका वकिलाकडून कायद्याचं पुस्तक आणलं, त्यातला मजकूर सोप्या मराठीत उतरवला. मी टाइप केला, सायक्लोस्टाईल करून आणला. अर्ध्या पानाचा कागद. त्यात ठळक ओळ अशी: बाई अठरा वर्षांपुढची असेल तर तिची एकटीची संमती पुरे; नवऱ्याची किंवा सासरच्या कोणाची सही कायद्यात मागितलेली नाही. हा कागद आम्ही गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, भाजीबाजारात, वसाहतीत, विडीच्या कारखान्याबाहेर चार घड्या घालून बायकांच्या हातात देत असू. काही जणी आमच्यासमोर त्यात मिरच्या बांधत. काही जणी चोळीत ठेवत.

सुरुवातीला एका पुढाऱ्याकडेही गेलो होतो. त्याने चहा दिला, नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाला की काम पुण्याचं आहे पण ते माझ्या तोंडून वदवू नका, निवडणूक होऊ द्या. निवडणूक झाली. पुढची जवळ आली. नर्सबाई म्हणाली, "त्यांच्याकडे पाच वर्षं असतात. आपल्याकडे बारा आठवडे." नंतर आम्ही कुणा पुढाऱ्याची पायरी चढलो नाही.

बारा आठवडे का, तर तोवर एका डॉक्टरच्या सहीने काम होई. पुढे दोन डॉक्टर लागत, आणि आमच्याकडे एक मिळायची मारामार होती.

पहिली बाई घेऊन मीच गेले. खिडकीवर विचारलं, घरचं कोण आलंय? बाईची आई बरोबर होती. मेट्रन म्हणाल्या, आईची सही चालणार नाही, माहेरचं माणूस काय उपयोगाचं, उद्या सासरचे येऊन आमच्या नावाने शंख करतील. मी कागद दाखवायला पर्स उघडली. तेवढ्यात बाई मटकन खाली बसली. चेहरा पांढरा पडलेला. मी कागद आत ठेवला आणि म्हटलं, मी नणंद. मेट्रनने फॉर्म पुढे केला. पाच मिनिटांत काम झालं.

नर्सबाईला सांगितलं तेव्हा ती खूश झाली. "बरं केलंस. सासू म्हणून खपायला तू म्हातारी नाहीस. जाऊ म्हणालीस तर म्हणतील, हिचीच भानगड असेल. नणंद बरी. नणंदेला उलट प्रश्न विचारायची आपल्याकडे कुणाची छाती नसते."

मास्तरीणबाई मात्र तेव्हाच कुरकुरली होती. कागदावर एक छापायचं आणि दवाखान्यात दुसरं करायचं, हे तिला पटेना. मी म्हटलं, पुढची बाई तू घेऊन जा आणि कायद्यावर भांड. ती गेली. तीन तास भांडली. बाई उपाशी बसून राहिली, आणि शेवटी मला निरोप आला की नणंदेने यावं.

मग तीच रीत पडली. मेट्रनला सगळं कळत होतं. चौथ्या-पाचव्या खेपेपासून त्या मला बघूनच म्हणायच्या, "या नणंदबाई. किती भाऊ हो तुम्हाला?" मी म्हणे, द्रौपदीच्या सासरपेक्षा जास्त. त्या हसायच्या आणि फॉर्म काढायच्या. त्यांना फाइलमध्ये सासरची एक सही पाहिजे होती, ती मिळत होती. बाईची सुटका होत होती. ऑपरेशनचा आग्रहही नर्सबाई बोलून टाळायची. आणीबाणीनंतर नसबंदी म्हटलं की बायका दवाखान्याच्या फाटकातूनच मागे फिरत. म्हणून ती आधीच सांगे की बाई तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घेईल, ऑपरेशनचं नंतर बघू. सगळं सुरळीत चाललं होतं. इतकं सुरळीत की कागदावरच्या त्या ठळक ओळीकडे आम्ही पुन्हा पाहिलंच नाही.

ती ओळ खरी मानणारी पहिली बाई एका सकाळी, क्लास भरायच्या आधी, माझ्या जिन्यावर आली.

मखमलाबादकडची होती, फुलं पिकवणाऱ्या घरातली. सातवीपर्यंत शिकलेली. पहाटे सासूबरोबर पंचवटीत यायची. सासू बाजारात टोपली मांडून बसे आणि ही घरोघर फुलपुड्या टाकायला जाई. आठ ते अकरा, एवढाच वेळ ती घरच्यांच्या नजरेआड असायची. तीन मुली. तिसरीच्या वेळी रक्त थांबत नव्हतं, दोन बाटल्या रक्त चढवलं होतं, आणि डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं की पुढचं जीवावरचं आहे. घरात ते कोणाला आठवत नव्हतं. मुलगा पाहिजे होता. आता चौथा महिना लागायला दहा-बारा दिवस होते, आणि दिवस गेल्याचं तिने घरात कळू दिलं नव्हतं.

आमचा कागद तिला फुलं विकताना मिळाला होता. तिने तो वाचला आणि पुड्या टाकून झाल्यावर सरळ दवाखान्यात गेली. एकटी. मेट्रनने विचारलं, नणंद कुठाय?

"मी म्हटलं, कागदावर लिवलंय माझी एकलीची पुरं. तर त्या म्हणाल्या, ज्या बायांनी हा कागद वाटला त्याच इथं सह्या करायला येत्यात. जा, त्यांनाच इचार." ती बसली नव्हती, यंत्राच्या टेबलाशी उभी होती. "म्हणून इचारायला आले. खरं काय हाय? कागद का तुम्ही?"

ती दोनदा जाऊन आली होती. दुसऱ्यांदा तिला खिडकीशी उभंही केलं नव्हतं. आम्ही कागद वाटला नसता तर कदाचित तिने आधीच दुसरी काही तजवीज केली असती. आणि आम्ही सह्या केल्या नसत्या तर मेट्रनकडे उत्तर नसतं.

मी म्हटलं, उद्या मी येते बरोबर, नणंद म्हणून.

ती हसली, पण बरं वाटून नव्हे. "माझी नणंद ओझरला दिलीय. मेट्रनबाईंना ठावं हाय. त्यांच्या दारावर रोज सकाळी मीच पुडी अडकवते."

मग उलगडलं. मेट्रन पंचवटीतच राहत होत्या. सासूच्या टोपलीशी थांबून रोज दोन शब्द बोलत. या घरातली नणंद एकच, ती दिसायला कशी, तिला मुलं किती, सगळं त्यांना माहीत. इतर चौदा जणींच्या वेळी डोळेझाक करता आली, कारण त्या बायका अनोळखी होत्या. ही ओळखीची निघाली आणि तिथेच दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी बसलो. नर्सबाई म्हणाली, मुंबईला नेऊ, माझी भाची तिथल्या दवाखान्यात आहे. पण आठ ते अकरामध्ये मुंबई कशी होणार? खाजगी डॉक्टर नवऱ्याला घेऊन या म्हणाला होता. मास्तरीणबाई म्हणाली, आता तरी कायद्यावर उभे राहा. ते ती माझ्याकडे बघून म्हणाली, आणि बरोबरच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्या बाईबरोबर गेले. मेट्रनने मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. बाजूला घेऊन म्हणाल्या, नणंदबाई, हिचं सोडून काहीही सांगा. ती म्हातारी उद्या माझ्या दारात येऊन बसेल, गल्लीत तोंड दाखवता येणार नाही. मी म्हटलं, मग डॉक्टरीणबाईंकडे चला.

डॉक्टरीणबाई बदलून आलेल्या, तरुण, घाईत असलेल्या. मी कागद पुढे ठेवला, ओळ दाखवली. त्यांनी वाचली. मग मेट्रनला फाइल आणायला सांगितली आणि एकेक फॉर्म उलटत गेल्या. माझी सही. माझी सही. पुन्हा माझी सही. मी टायपिंगवाली, सही स्वच्छ करते; कुठेही संशयाला जागा नव्हती.

"एवढ्या जणींची नणंद तुम्हीच," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं सही करत होतात. आणि आज म्हणता, सही लागतच नाही?"

त्यांनी फाइल मिटली.

"खोटी सही हा गुन्हा आहे, माहीत आहे?"

माहीत होतं. माझ्या नवऱ्याची सरकारी नोकरी होती, हेही मला त्याच क्षणी माहीत झालं. खोलीला एकच दार, त्यात मेट्रन उभ्या. बाई भिंतीला टेकून, रिकामी टोपली पायाशी. भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ. तिला अकराला सासूसमोर उभं राहायचं होतं.

मी भित्री नाही असं म्हणणार नाही. पण मला भीती वाटली की हात काहीतरी काम मागतात. कोपऱ्यात कारकुनाचं मराठी यंत्र होतं, वर कव्हर घातलेलं. मी विचारलं, वापरू का? डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आत मी कव्हर काढलं होतं. सवयीने मध्ये कार्बनही घातला. लिहिलं ते असं: या दवाखान्यात मी नणंद म्हणून केलेल्या सर्व सह्या खोट्या आहेत, मी त्या बायकांपैकी कोणाचीही नातेवाईक नाही, त्यांनी स्वतःच्या सहीने संमती दिली होती. खाली माझं नाव, पत्ता. सही केली आणि वरची प्रत त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. "हे मी पोलिसांत दिलं तर?"

"द्या. ते विचारतील, सही खोटी होती तर गर्भपात केलेत कसे. तुम्ही म्हणाल, बाईची स्वतःची सही होती, तेवढी कायद्याला पुरे होती." मी यंत्रावर कव्हर परत घातलं. "मी सकाळपासून तेच म्हणते आहे."

मग डॉक्टरीणबाईंनी मेट्रनला बाहेर जायला सांगितलं. आणि पहिल्यांदाच त्या बाईकडे वळल्या. विचारलं, तुला स्वतःला पाहिजे का?

"पाहिजे म्हणून तिसऱ्यांदा आले." ती भिंतीपासून सरळ झाली. "मागच्या टायमाला तुमच्यासारख्याच डॉक्टरनी सांगितलं, पुढचं झालं तर तू नाय राहायची. माझ्या तीन पोरी हायेत. मी राहीन असं लिहून द्या, मी घरी जाते. नायतर माझी सही घ्या."

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासायच्या खोलीत नेलं. बाहेर आल्या तेव्हा तोडून बोलल्या. उद्या सकाळी आठला. सही तिची एकटीची. तांबी बसवायची, त्याशिवाय हात लावणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा हेच नको. हा कबुलीचा कागद माझ्याकडे राहील. आणि यापुढे तुमच्यापैकी कोणी कोणत्याही बाईबरोबर या दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही.

बाईने मान हलवली. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. उद्या-परवा जिना चढून येणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांसमोर आल्या. त्यांची नावं मला माहीत नव्हती. ही समोर उभी होती. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशीची अडचण वेगळी होती: पुड्या कोण टाकणार? पंचवटीत तीस-बत्तीस घरं. एका घरी पुडी गेली नाही तरी ते लोक सासूच्या टोपलीशी येऊन विचारणार. म्हणून तिने आदल्या दिवशी माझ्या क्लासमध्ये बसून सगळी घरं सांगितली आणि मी टाइप केली. निळं दार, कडीला. मारुतीच्या शेजारी, वरचा मजला, दोरीच्या पिशवीत. कुत्रं आहे, हाक मारायची. सकाळी काळ्या रामाच्या मागच्या गल्लीत तिने टोपली आमच्या हवाली केली आणि रिक्षात बसली. मास्तरीणबाईने शाळेला रजा टाकली होती. निम्मी घरं तिने घेतली, निम्मी मी. जास्वंद, झेंडू, दूर्वा, बेल, पुडीला पानाचा वास. मेट्रनच्या कडीला मीच पुडी अडकवली. एका आजीबाईंनी दार उघडून विचारलं, आज ती नाही का आली? मी म्हटलं, मी तिची नणंद. तोंडातून निघून गेलं, इतकी सवय झाली होती.

नर्सबाई दवाखान्याच्या फाटकाबाहेर रसवंतीच्या बाकावर बसून होती. पावणेअकराला बाई बाहेर आली. स्वतःच्या पायांनी, हळूहळू. नर्सबाईने तिला उसाचा रस पाजला. गल्लीच्या तोंडाशी मी रिकामी टोपली तिच्या हातात दिली. बसतेस का थोडी, विचारलं. ती म्हणाली, नको, बसले तर उठायची नाय. आणि बाजाराकडे चालायला लागली.

महिन्याभरात दवाखान्याच्या खिडकीशेजारी पाटी लागली. नवऱ्याची किंवा सासरच्या माणसाची सही, सोबत रेशनकार्ड. कार्डावर नाव असल्याशिवाय नणंद चालणार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तो कागद पोलिसांत दिला नाही. त्यातून त्या एवढंच शिकल्या की पुढच्या वेळी नातं तपासून घ्यायचं. मास्तरीणबाईने मला तोंडावर सांगितलं की एकीसाठी तू बाकीच्यांचं दार लावून घेतलंस. मी म्हटलं, दार तीन वर्षांपूर्वी लावलं, पहिल्या सहीला. आम्ही दोन-तीन महिने एकमेकींशी बोललो नाही, आणि त्या काळात जिन्यावर आलेल्या चार बायकांपैकी दोघींचं आम्ही काही करू शकलो नाही. एकीला पाचवं झालं. दुसरी परत आलीच नाही. तिचं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

त्या फुलवालीला मी नंतर भेटायला गेले नाही. ओळख दाखवायची नाही असं ठरलं होतं. सहा महिन्यांनी एका सकाळी गंगेवर भाजी घ्यायला गेले, तर सासू-सून दोघी शेजारी बसलेल्या. वाट तिथूनच होती. चुकवून जाणं जास्त दिसलं असतं, म्हणून थांबले आणि वेणी मागितली. सून मान खाली घालून दूर्वांच्या जुड्या बांधत होती. अंगाने जरा भरली होती.

सासू बोलकी होती. वेणी पानात गुंडाळता गुंडाळता तिने माझी चौकशी केली, चष्मा-पर्स बघून शिकलेली आहे हे ओळखलं, आणि आवाज खाली करून विचारलं, "बाई, एखादा चांगला डॉक्टर ठावा हाय का? सुनेचं बघायचं व्हतं. तीन पोरी लागोपाठ झाल्या, आन् आता वर्ष होत आलं तरी दिवस राहंनात. कायतरी अडलंय आत. तपासून घ्यावं म्हन्ते."

सुनेचे हात थांबले. वर बघितलं नाही तिने.

कुठल्याही डॉक्टरने तपासलं की तांबी सापडणार होती. मी म्हटलं, डॉक्टरची घाई करू नका. अंगात रक्त कमी असलं की असं होतं. आधी तिला खायला घाला. गूळ-शेंगदाणे, पालेभाज्या, खारीक. वर्षभर तरी अंगाला विश्रांती पाहिजे.

"वर्षभर?"

"दोन वर्षं झाली तरी चालतील."

म्हातारीने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुम्ही दवाखान्यात असता का?"

"नाही. टायपिंग शिकवते."

"मंग तुम्हाला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली, रागाने नव्हे, सरळ. आणि सुनेकडे वळून म्हणाली की येत्या सोमवारी जाऊ, मेट्रनबाईंनाच विचारू, त्या घरच्याच हायेत.

सुनेने दोरा दाताने तोडला. "आत्या," ती सासूला म्हणाली, "गिऱ्हाईक खोळंबलंय."

माझ्या मागे खरंच दोघी-तिघी उभ्या होत्या. मी वेणी घेतली आणि बाजूला झाले.